खुराडं, चुलीची राख आणि मानमोडी

कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आपण भरभरून बोलतो. आज आपण त्याच्या मागं, परसातल्या खुराड्यापर्यंत जाऊ. संस्थानच्या इतिहासात तालमी येतात, राधानगरीचं धरण येतं. गावरान कोंबडी सहसा येत नाही. ती बायकांच्या हातची. अंड्यांचे चार पैसे घरच्या बाईचे, आणि कोंबडी जगवायचं ज्ञानही तिचंच.

काय होतं हे ज्ञान? कोंबडीला बाहेरून दोन तऱ्हेची पीडा होते. उवा रात्रंदिवस पिसांतच राहतात. लाल कोळी आणि गोचिडी मात्र दिवसा फटींत दडतात नि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. उवांवर कोंबडी स्वतःच उपाय करते, मातीत लोळते. बारीक कोरडी धूळ किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घालवते, मग कीड सुकून मरते. पण गगनबावडा-भुदरगडच्या पावसाळ्यात कोरडी माती आणायची कुठून? तिथं चुलीची राख कामाला येई. रवणीला बसलेली कोंबडी तर 21 दिवस जागेवरून फारशी हलत नाही. उवांनी बेजार झाली तर अंडी टाकून उठते आणि पिल्लं हातची जातात. म्हणून पाटीत राख, कडुनिंबाचा नाहीतर निरगुडीचा पाला. फटी बुजवायला शेणामातीचं लिंपण, वरून चुना. किडीची लपायची जागाच बंद!

पण या शहाणपणाला एक हद्द होती, ती म्हणजे मानमोडी. 1926 च्या सुमारास हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला नोंदला गेला. पाठोपाठ आपल्याकडं कुमाऊँतल्या राणीखेतला दिसला, म्हणून सरकारी कागदावर तो 'राणीखेत' झाला. कोंबडीची मान पिळवटते, म्हणून लोक मानमोडी म्हणू लागले. 1918 च्या इन्फ्लुएंझालाही आपल्या माणसांनी हेच नाव दिलं होतं. विषाणूपुढं राख काय करणार? चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं. उरलेल्या कोंबड्या घाईनं बाजारात विकायच्या, ही रीतही जुनीच; तिनं साथ गावोगाव नेली.

1940 च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत काम होऊन यावर लस निघाली. अडचण अशी, की लशीच्या एका कुपीत सहसा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीनं ती आणायची कशी? तिकडं गॅस आला आणि चुलीची राखही कमी झाली. म्हणजे जुना उपाय सुटला, नवा दारापर्यंत पोचला नाही.

आम्हाला वाटतं, वाट गल्लीतूनच निघेल. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या की सगळ्या घरांनी मिळून एक कुपी वापरावी. लिंपण, चुना आणि राख मात्र सोडू नये. उवा-गोचिडींचं काम लस करत नाही.