१ मे : महाराष्ट्र दिन, कामगार दिन अन् ग्रामसभाही
१ मेची सुट्टी नेमकी कशाची, असं पोरं विचारतात. उत्तर एकच नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचं विभाजन झालं, म्हणून गुजरातचाही स्थापना दिन हाच. कामगार दिन त्याहून जुना. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी संप केला, त्यातून तो आला. भारतात १९२३ ला मद्रासमध्ये पहिल्यांदा पाळला गेला.

गावासाठी मात्र त्या दिवशीची ग्रामसभा मोठी. झेंडावंदन उरकलं की बरेच जण घरी निघतात. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा लागतो. तेवढे नसले तर सभा तहकूब. अन् तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग चार जण बसले तरी ठराव होतो.