परदेशी कृषी प्रशिक्षण : ‘प्रायोजक’ म्हणजे कोण?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली. अशा विद्यापीठांतून शिकणाऱ्या तरुणांना परदेशातील शेतीवर एखादा हंगाम प्रशिक्षण घ्यावयाचे असल्यास अमेरिकेचा जे-१ व्हिसा हा एक अधिकृत मार्ग आहे. शिक्षण सुरू असलेल्या अथवा पदवी मिळून १२ महिने उलटले नाहीत अशा उमेदवारास ‘इंटर्न’ म्हणून जास्तीत जास्त १२ महिने प्रशिक्षण घेता येते.

येथे ‘प्रायोजक’ म्हणजे खर्च उचलणारा दाता नव्हे. प्रवासाची व्यवस्था करणारा एजंटही प्रायोजक ठरत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्थाच प्रायोजक असते आणि अशा संस्थांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. प्रायोजकाने दिलेल्या डीएस-२०१९ प्रमाणपत्राशिवाय हा व्हिसा मिळत नाही.

डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा होय. त्यात काय शिकविले जाणार, देखरेख कोणाची व मानधन किती, याची नोंद असते. उमेदवार, प्रायोजक व यजमान या तिघांच्याही सह्या त्यावर लागतात. निव्वळ मजुरीसाठी इंटर्न नेमणे नियमबाह्य आहे.

व्हिसाचा निर्णय वकिलातीचा असतो. त्याची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही. त्यामुळे जमीन गहाण ठेवून पैसे भरण्यापूर्वी यादीतील प्रायोजकाचे नाव आणि आराखडा पडताळून पाहणे हिताचे ठरते.