ओएसपीएफ : शेजारी राउटरांमधील सेटिंगची तफावत

ओएसपीएफ (आवृत्ती २, आरएफसी २३२८, १९९८) या मार्गनिर्धारण प्रोटोकॉलमध्ये राउटर ठरावीक अंतराने हॅलो पॅकेट पाठवून शेजारी शोधतात. हॅलो व डेड (हॅलो न आल्यास शेजारी बंद मानण्याआधीचा) हे दोन्ही कालावधी, एरिया क्रमांक, एरियाचा प्रकार आणि पासवर्ड दोन्ही टोकांना तंतोतंत जुळावे लागतात. इथरनेटवर सबनेट मास्कही. सिस्कोच्या राउटरवर इथरनेटसाठी मूळ कालावधी १० व ४० सेकंद असतात. एका बाजूला ते ३० व १२० केले, की केबल ठीक, पिंगला उत्तर, तरी शेजाऱ्यांची यादी रिकामी.

खरी कसोटी एमटीयूची, म्हणजे इंटरफेसवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराची. हॅलोत एमटीयू नसतो, म्हणून १५०० आणि ९००० बाइटचे इंटरफेसही एकमेकांना शेजारी मानतात. पुढे डेटाबेसच्या वर्णनाची देवाणघेवाण सुरू झाली, की लहान एमटीयूचा राउटर मोठा आकडा असलेले पॅकेट नाकारतो आणि संबंध एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेत अडकतो. छोट्या पॅकेटचे पिंग इथे दिशाभूल करते. मोठ्या आकाराचे, तुकडे न करता पाठवून पाहावे. एमटीयूची तपासणी बंद करणारी आज्ञा आहे, पण ती दोष झाकते. दोन्हीकडचा आकडा समान करणे हाच योग्य उपाय.

सर्वांत फसवा प्रकार नेटवर्क-प्रकाराचा : एकीकडे ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. शेजाऱ्याची अवस्था ‘फुल’, म्हणजे संबंध पूर्ण जुळलेला दिसतो, मार्ग मात्र राउटरच्या मार्ग-तक्त्यात येत नाहीत. अशा वेळी दोन्ही राउटरांवरील इंटरफेसचा तपशील शेजारी ठेवून ओळीओळीने ताडावा.