डोकी कधी मोजली जातात?

मूठभर सदस्यांची सत्ता टिकत नाही, हा समज भिवंडीने डिसेंबर 2019 मध्ये खोटा ठरवला. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या 90 जागांपैकी 47 काँग्रेसकडे होत्या, कोणार्क विकास आघाडीकडे अवघ्या 4. काँग्रेसचे 18 नगरसेवक फुटले, कोणार्कच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या आणि ती सत्ता जून 2022 मध्ये पालिकेची मुदत संपेपर्यंत चालली. भिवंडीतल्या त्या महापौर निवडणुकीच्या जेमतेम दहा दिवस आधी मुंबईत 105 आमदारांच्या पक्षाचं फडणवीस-अजित पवार सरकार 80 तासांत गेलं होतं. चारांना अडीच वर्षं आणि एकशे पाचांना चार दिवसही नाहीत! सरकारचं आयुष्य संख्याबळावर जितकं ठरतं, त्याहून जास्त डोकी कधी मोजली जातात यावर ठरतं, असं मला वाटतं.

याचा जुना आणि बोलका पुरावा म्हणजे मुंबई इलाख्यातलं कूपर मंत्रिमंडळ. 1937 च्या निवडणुकीत 175 पैकी 86 जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाही, अशी हमी तिने मागितली; ती मिळेना, म्हणून तिने सत्ता नाकारली. मग गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी साताऱ्याचे सर धनजीशाह कूपर यांना बोलावलं. 1 एप्रिलला मंत्रिमंडळ आलं, अर्थखातं जमनादास मेहतांकडे गेलं. सभागृहात या मंत्रिमंडळाच्या पाठीशी बहुमत नव्हतं, हे गव्हर्नरांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ते साडेतीन महिने चाललं, कारण विधानसभा बोलावलीच गेली नाही. जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्तास्वीकाराचा निर्णय घेतला. 19 जुलैला बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत) आणि विधानसभाही त्याच दिवशी पहिल्यांदा भरली.

यावर कुणी म्हणेल, कूपर नुसते जागा राखणारे होते. काँग्रेस अडून बसल्यावर गव्हर्नरांनी करायचं तरी काय? यात तथ्य आहे, आणि सगळा दोष कूपरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण तात्पुरतं म्हणून आलेल्या मंत्रिमंडळाला सभागृहापुढे न जाण्याची मुभा का असावी? त्याच काळात नेदरलँड्समध्ये उलट घडलं. हेंड्रिक कोलाइन यांचं पाचवं मंत्रिमंडळ 25 जुलै 1939 रोजी आलं, लगेच संसदेसमोर उभं राहिलं आणि 27 तारखेला अविश्वासाने पडलं. अपुरं पाठबळ दोघांकडेही होतं. एकाला गव्हर्नरांच्या तारखेने तारलं, दुसऱ्याला संसदेच्या तारखेने बुडवलं.

फडणवीस सरकारलाही संख्येने थेट पाडलं नाही. 26 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, गुप्त मतदान न घेता बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दुपारी राजीनामा आला. आणखी मुदत मिळाली असती, तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण आमदार हॉटेलांत का ठेवले जातात, हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. राज्यघटनेच्या 174 व्या कलमात दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, असं बजावलं आहे. शपथविधीनंतर किती दिवसांत बहुमत सिद्ध करायचं, याची मर्यादा मात्र घटनेच्या कुठल्याच कलमात नाही.