घोडा पारखणारी राणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटानं कर्ज काढून बाजारातून चार शेळ्या आणल्या. दिसायला तुकतुकीत. त्यातली एक महिनाभरातच गेली. हप्ते मात्र चालूच राहिले. वर घरोघरी ऐकावं लागलं, "बायकांना जनावरातलं काय कळतंय?" हे बोलणं आम्हाला फार लागलं. म्हणून आज झाशीच्या राणीची गोष्ट सांगतो. तलवारीची नाही, घोड्याची.

आपल्या पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुढं त्यांनी 'माझा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात की घोड्याची पारख करणारी जी मोजकी माणसं तेव्हा नावाजलेली होती, त्यांत लक्ष्मीबाई एक. एकदा एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही सारखेच उमदे. राणीनं नुसतं बघून भाव केला नाही. एकावर बसली, फेरी मारली. मग दुसऱ्यावर बसली. एकाला तिनं भारी किंमत सांगितली, दुसऱ्याला अगदी किरकोळ. का? तर त्याच्या छातीला आतून इजा झालेली. सौदागरालाही ते कबूल करावं लागलं.

हे कळतं कसं? घोडा दुडक्या चालीनं पळवला की त्याची खोड लपत नाही. पुढचा पाय दुखरा असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. श्वास, पाठीची हालचाल, सगळं बसणाऱ्याच्या मांडीला जाणवतं. पण त्यासाठी आधी मांड पक्की हवी. नवशिका माणूस लगामाला लोंबकळतो, त्यानं घोड्याचं तोंड दुखतं आणि तो बिथरतो. तोल मांड्यांत आणि कमरेत ठेवायचा, हात हलका. रिकिबीवर सगळा भार टाकायचा नाही.

ही मांड राणीला कुठून आली? वडील मोरोपंत तांबे बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते, तिथं लहानपणीच ती घोड्यावर बसायला शिकली. मग लग्न झालं. गोडसे लिहितात, गंगाधरराव असेपर्यंत तिला वाड्याबाहेर पडायची मोकळीक नव्हती. शिकलेलं सगळं तसंच पडून राहिलं. (हे आमच्यातल्या कितीजणींना सांगावं लागेल?) १८५३ मध्ये ते वारले, त्यानंतर तिनं पुन्हा व्यायाम धरला. रोज मलखांब, मग घोडा. मलखांबावर लाकूड मांड्यांनी आवळून धरावं लागतं आणि घोड्यावरही जोर त्याच मांड्यांचा लागतो, हे आमच्या गावातल्या मलखांब करणाऱ्या पोरी बघून आम्हाला उमगलं.

तटावरून घोड्यासकट मारलेल्या उडीची चित्रं आपण शाळेत पाहिली. ती उडी खरी की नाही यावर वाद आहेत. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती नंतरची दौड. एप्रिल १८५८ मध्ये झाशी सोडून, इंग्रजांचे स्वार पाठीवर असताना, ती भांडेरवरून काल्पीला पोचली. अंतर जवळजवळ १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. वेळ सुमारे एक दिवस. अशी दौड नुसत्या हिमतीवर होत नाही. घोड्याला कधी मोकळा सोडायचा, कधी दम खाऊ द्यायचा, हे कळावं लागतं.

पुढं जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढताना पडली. सांगतात, त्या दिवशी तिच्याकडं नेहमीचा घोडा नव्हता, नवा होता, आणि तो ओढ्यापाशी अडला. एवढी पारख असलेल्या बाईला पारखायला वेळच मिळाला नाही, ही गोष्ट मनाला चटका लावते.

आता आमचं. येत्या मंगळवारी बाजार आहे, उरलेल्या पैशांत आणखी एक शेळी घ्यायची आहे. या वेळी आधी तिला चालवून बघणार, दात बघणार, कास हातानं चाचपणार, खोकते का ते ऐकणार. व्यापारी कुरकुरला तर कुरकुरू दे.