ठोंब

आमच्या इथे मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिल संपता संपता जमीन एकदाची मऊ होते. परवाच्या शनिवारी फ्लॉक्सचे ठोंब उकरायला घेतले. ही बहुवर्षायू झाडं. नावावरून वाटतं की एकदा लावली की सुटलो. पण तसं नाही. तीन-चार वर्षांत ठोंब मधून पोकळ होतो, जून होतो, आणि कोवळे कोंब फक्त कडेला उरतात. मग अख्खा ठोंब उपटायचा, त्याचे तुकडे करायचे, मधला लाकडासारखा भाग टाकून द्यायचा आणि कडेचे तुकडे शेणखत घालून पुन्हा लावायचे. थोडक्यात, बाग टिकवायची तर ती दर काही वर्षांनी मोडावी लागते.

हे काम करताना मला दरवर्षी बिआट्रिक्स फॅरंड आठवते. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते.

जन्म १८७२, न्यूयॉर्क. कादंबरीकार ईडिथ व्हॉर्टनची ही भाची. १८९९ साली अमेरिकेतल्या उद्यानरचनाकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा ११ संस्थापकांमध्ये ही एकटी बाई. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्सची बाग तिची. १९२१ पासून कितीतरी वर्षं तिने त्या बागेवर काम केलं, आणि पुढे त्या बागेच्या देखभालीची एक वहीच लिहून ठेवली. कुठलं झाड मेलं तर त्या जागी काय लावायचं, काय किती वाढू द्यायचं, सगळं त्यात आहे. १९८० मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. आपण गेल्यावर माळ्याला कुणाला विचारता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं!

तिची स्वतःची बाग मात्र मेन राज्यात, बार हार्बरला होती. रीफ पॉइंट. समुद्रकाठची सहा एकर जागा. तिथे बागकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी बाग आणि ग्रंथालय मिळून कायमची संस्था उभी करायची, असं तिने आणि तिचे पती मॅक्स यांनी ठरवलं होतं. १९४५ मध्ये मॅक्स गेले. १९४७ च्या ऑक्टोबरात बार हार्बरला प्रचंड आग लागली. रीफ पॉइंट वाचलं, पण आजूबाजूचे अनेक बंगले जळाले आणि गावाचं करांचं उत्पन्न बुडालं. रीफ पॉइंटला करमाफी मिळेना. आपल्यामागे ही बाग कोण सांभाळेल, याची काहीच खात्री उरली नाही.

१९५५ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, तिने स्वतःच बाग मोडायचं ठरवलं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी चक्क चिडले होते. इतकी वर्षं जपलेलं असं कुणी उधळतं का? पण उधळलं नव्हतंच काही. ग्रंथालय बर्कलीच्या विद्यापीठाला गेलं. त्यात इंग्लंडच्या गर्ट्रूड जीकलचे बागांचे आराखडेही होते, फॅरंडने विकत घेऊन जपलेले. १९८४ पासून हॅम्पशरमधल्या अप्टन ग्रेची जीकलची बाग पुन्हा उभी राहिली, ती याच आराखड्यांच्या प्रतींवरून. झाडं जवळच्याच नॉर्थईस्ट हार्बरला गेली. तिथल्या चार्ल्स सॅव्हेज नावाच्या हॉटेलवाल्याने रॉकफेलरांच्या पैशांतून ती विकत घेतली आणि त्यातून ॲस्टिकू आणि थुया अशा दोन बागा फुलवल्या. आणि बाईसाहेब? रीफ पॉइंटच्या जुन्या व्यवस्थापकाच्या गार्लंड फार्म या घराला खोल्या जोडून राहिल्या. तिथे एक छोटी बाग केली. १९५९ मध्ये गेल्या. २००४ मध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेने ते घर विकत घेतलं.

रीफ पॉइंटचं घर पाडलं गेलं. आता विचार केला की वाटतं, तिने सहा एकरांचा ठोंबच फोडला होता. हात चालत होते, कुठलं झाड कुठे जाईल ते स्वतः बघता येत होतं, तेव्हाच.

हे आत्ताच लिहायचं कारण घरच्यांना कळेल. साताऱ्याचं घर द्यायचं की ठेवायचं, यावर गेले सहा महिने आपले फोन चाललेत. "आईची बाग आहे ती," असं म्हणून दर वेळी मीच मोडता घालते. इथे बसून! पाणी घालायला तिथे कोणी नाही, हे मला का दिसत नाही? दादा, मी हट्ट सोडला. फक्त पावसाळा लागला की एक कर. गवती चहाचे ठोंब फोडून ताईकडे, मावशीकडे आणि शेजारच्या काकूंकडे पोचव. शेवंतीचे मुनवेही काढ. आई दरवर्षी हेच करायची, आठवतंय ना? घराच्या सह्या त्यानंतर करू.