कॅन्सरच्या वेदना आणि मन : कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

वरवट बकालसारख्या गावात कॅन्सरचे निदान झाले की घरचे लोक शेगाव स्टेशन गाठतात. तिथून कुणी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जातो, कुणी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये. केमो, रेडिएशन होते आणि रुग्ण गावी परततो. पुढचे महिने तो घरातल्या खाटेवर काढतो. तेव्हा त्याच्या उशाशी डॉक्टर नसतो. घरची बाई असते आणि अधूनमधून भेटायला जाणारे आपण असतो.

वेदना फक्त गाठीत नसते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक दार आहे, आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार कमीजास्त उघडू शकतात. म्हणूनच भीती, जागरण आणि एकटेपणा यांनी तेच दुखणे जास्त जाणवते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी याला ‘संपूर्ण वेदना’ म्हटले. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घराची विवंचना आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळे त्यात आले. सोयाबीनचे कर्ज आणि मुलीचे राहिलेले लग्न रुग्णाच्या वेदनेतच मोजावे लागते.

मानसोपचाराच्या पद्धती साध्या आहेत. सावकाश श्वास घेणे, एकेक स्नायू ताणून सैल सोडणे, आवडत्या ठिकाणाची मनात कल्पना करणे, गाणी-गप्पांत लक्ष गुंतवणे. समुपदेशक विचारांवरही काम करतात. ‘आज जास्त दुखतंय म्हणजे आजार पसरला’ असे रुग्णाला वाटते. हा विचार तपासून पाहायला त्याला शिकवले जाते, कारण रात्रीची झोप न होणे किंवा गोळीची वेळ चुकणे हेही कारण असू शकते. या उपायांनी वेदना नाहीशी होत नाही. ती काहीशी उतरते आणि तिची धास्ती कमी होते.

सजगतेचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. सल्लत्थ सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे : पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा तिच्यामुळे होणाऱ्या शोकाचा. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून जुनाट दुखण्याच्या रुग्णांना सजगतेचे शिक्षण दिले. तेही मुळात याच परंपरेतून आलेले.

इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. ‘विपश्यना करा, औषधाची गरज नाही’ असे सांगणारे उपासक भेटतात. हे चूक आहे, आणि क्रूरही. दुसरा बाण काढताना पहिल्यावर उपचार करू नका, असे ते सुत्त कुठे सांगते? बुद्धांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले. आजारी भिक्खूला आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले. तीव्र वेदनेतल्या माणसाला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू नये. त्याला पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवता आले तरी पुष्कळ, आणि त्याला नको असेल तर तेही नको.

मॉर्फिनबद्दलची भीतीही काढायला हवी. तीव्र कॅन्सर-वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच त्याची शिफारस केली. भारतात २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते मिळण्याचे नियम सोपे केले. डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरलेल्या वेळी घेतले तर व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र होते, तिचे औषध सोबतच मागून घ्यावे. वेदना आटोक्यात आली की मनाचे उपायही जास्त लागू पडतात. वेदनेने कळवळणाऱ्याला श्वास मोजायला सांगून काय होणार?

भेटायला जाल तेव्हा ‘धीर धरा’ एवढेच म्हणून उठू नका. शून्य ते दहामध्ये किती दुखते, कधी वाढते, रात्री झोप लागते का, हे विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांना दाखवा. रुग्णाला रडायचे असेल तर रडू द्या. सेवा करणाऱ्या बाईला तासभर सुट्टी मिळेल असे बघा, ती दमली की घरातला ताण रुग्णापर्यंत पोचतोच. मन फारच खचले, जगणे नको अशी भाषा आली, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. अशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नका. आणि पाठीत अचानक नवे दुखणे, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे दिसले, तर मनाचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.